पुराचा खर्च कोणाच्या खाती?

जुलै २०२१ मध्ये अकोल्यात एका दिवसात दोनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला आणि मोर्णेचे पाणी काठच्या वस्त्यांत शिरले. अमरावतीतही पावसाचा जोर वाढला, की अंबा नाल्याकाठच्या रहिवाशांना धास्तीने रात्र जागून काढावी लागते. प्रश्न जुना आहे आणि त्यावरील उत्तरही जुनेच: पावसाळ्याच्या तोंडावर नालेसफाई, पूर आल्यावर पाहणी दौरा, मागाहून पंचनामे व मदत, आणि त्यानंतर पुढील पावसाळ्यापर्यंत विस्मरण.

याचे खापर निसर्गावर फोडणे सोयीचे असते. वऱ्हाडची काळी माती एकदा भिजून फुगली, की पाणी सहजासहजी मुरू देत नाही, हे खरे. परंतु पाऊस किती पडावा हे महापालिकेच्या हाती नसले, तरी पडलेल्या पाण्याला वाट किती रुंद ठेवावी, हे तिच्याच हाती असते. गटारे बांधणे व ती साफ ठेवणे हे तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार तिचे बंधनकारक कर्तव्य आहे. मग या कामाची टाळाटाळ का होते?

त्याचे कारण हिशेबात दडलेले आहे. नाल्यालगतच्या भूखंडावर बांधकामाला परवानगी मिळाली, की विकासशुल्क आणि पुढे मालमत्ताकर महापालिकेच्या तिजोरीत येतो. जमीन विकणाऱ्याचा नफा त्याच्या पदरात पडतो. पूर आला, की हानी मात्र रहिवाशाची होते. तिच्यापोटी मिळणारी तुटपुंजी मदत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येते आणि त्या निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के व राज्याचा २५ टक्के असतो. ज्याला आपल्या चुकीची किंमत मोजावी लागत नाही, तो ती सुधारण्याची घाई करीत नाही. त्यासाठी कोणाचा हेतू वाईट असण्याचीही गरज नसते.

लोकसहभागाने काय साधते आणि काय साधत नाही, हेही मोर्णेनेच दाखविले. जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकर नदीच्या सफाईसाठी एकत्र आले. गाडगेबाबांच्या वऱ्हाडाला ते शोभूनच दिसले. परंतु नागरिक नदीतील जलकुंभी काढू शकतात; पूररेषेच्या आत दिली जाणारी परवानगी रोखणे त्यांच्या अधिकारात नसते. त्यासाठी उत्तरदायी कारभार लागतो. मार्च २०२२ मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ त्या प्रशासकांच्या हाती राहिल्या. तुंबलेल्या नाल्याचा जाब विचारावा, असा नगरसेवकच त्या काळात मतदाराला उरला नव्हता.

महापालिकांजवळ पैसा नाही, असा आक्षेप घेतला जाईल. तो सर्वस्वी खोटा नाही. मोठे पूल आणि संरक्षक भिंती त्यांच्या कुवतीबाहेरच्या आहेत. परंतु चुकीची परवानगी नाकारण्यास पैसा लागत नाही. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावरच न ठेवता जमिनीवर खुणेचे दगड रोवून दाखविता येते. घर घेणाऱ्या शिक्षकाला किंवा कारकुनाला तो दगड आधी दिसला, तर आयुष्याची पुंजी पाण्यात जाणार नाही. जे गरीब आजच पात्रालगत राहतात, त्यांना मात्र पर्यायी घर दिल्याशिवाय हलविणे न्याय्य ठरणार नाही.

याच्या जोडीला दरवर्षी अंदाजपत्रकासोबत एक पुरवणी प्रसिद्ध व्हावी: कोणत्या नाल्यावर किती खर्च झाला, पाणी कोठे शिरले, रहिवाशांचे नुकसान किती झाले आणि त्या भागात बांधकामाच्या किती परवानग्या दिल्या गेल्या. हे चार आकडे एका पानावर आले, तर पुराचा खर्च कोण करतो आणि लाभ कोणाला होतो, हे मतदाराला समजावून सांगावे लागणार नाही.