गोठ्याचें खातें कोण लिहिणार?

दूधदुभत्याच्या बाबतींत आपल्या देशानें केलेली प्रगति डोळे दिपविणारी आहे, यांत शंका नाहीं. १९५०-५१ सालीं सबंध देशांत सुमारें १ कोटी ७० लक्ष टन दूध निघत असे. २०२३-२४ सालीं हा आंकडा २३ कोटी ९३ लक्ष टनांवर गेला. माणशीं रोजचें प्रमाण ४७१ ग्रॅम पडलें. १९९८ पासून दुधाच्या उत्पन्नांत जगांत पहिला क्रमांक आपला आहे. परंतु सरासरी ही मोठी फसवी असते. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें देशाच्या लोकसंख्येंत महाराष्ट्राचा वांटा शेंकडा ९.२८ होता, दुधांत मात्र तो २०२३-२४ सालीं शेंकडा ६.७१ च भरला. त्यांतही कोल्हापूर, पुणें, अहिल्यानगर यांचा भार मोठा. मराठवाडा मागें राहिला, हें कोणा टीकाकाराचें म्हणणें नव्हे. विदर्भ व मराठवाडा यांच्यासाठीं २०१६ सालीं सरकारास दुग्धविकासाचा निराळा प्रकल्प काढावा लागला आणि २०२४ सालीं त्याचा दुसरा टप्पा सर्व १९ जिल्ह्यांस लागू करावा लागला, हाच त्याचा दाखला होय.

परभणी-पूर्णा लोहमार्गावरील पिंगळी हें गांव या दृष्टीनें विचार करण्याजोगें आहे. परभणी शहर तेथून जवळ. त्या शहरांत १९७२ सालीं स्थापन झालेलें कृषि विद्यापीठ आहे, पशुवैद्यक महाविद्यालय आहे, देवणी व लाल कंधारी गुरांच्या पैदाशीवर काम झालेलें आहे. ज्ञानाचा झरा इतका जवळ असतां पिंगळीसारख्या गांवांतील गोठा कोरडा कां राहावा? आमच्या मतें याचें कारण केवळ पाऊस नव्हे, केवळ दारिद्र्यही नव्हे. गोठ्याचें खातें कोणी लिहीत नाहीं, हें मुख्य कारण होय.

गोसुधारणेविषयीं सुशिक्षितांत दोन पक्ष दिसतात. एक पक्ष म्हणतो, परदेशी रक्त आणल्यावांचून दूध वाढणार नाहीं. त्याचें म्हणणें अगदींच निराधार नाहीं. मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं उरुळी कांचन येथें स्थापिलेल्या बाएफ संस्थेनें संकरित गाय गरिबाच्या दारांत नेली व हजारों संसार सावरले. परभणीच्या विद्यापीठानेंही देवणी व होल्स्टीन यांच्या संकरांतून ‘होलदेव’ गाय तयार केली. परंतु संकरित गायीस हिरवा चारा, मुबलक पाणी व गार सावली लागते. परभणीच्या वैशाखांत माणसालाही हीं तिन्हीं दुर्मिळ असतात. दुसरा पक्ष देशी गायीचा अभिमानी. पोळ्याच्या दिवशीं झूल घालावी, पुरणपोळीचा घास द्यावा आणि दुसऱ्या दिवसापासून उकिरड्यावर चरावयास सोडावें, एवढ्यानें त्याचें कर्तव्य संपतें. २०१९ च्या पशुगणनेंत मागील गणनेहून संकरित व परदेशी गुरें सुमारें २७ टक्के वाढलीं, देशी गुरें ६ टक्के घटलीं. अभिमानानें जात टिकत असती, तर हें झालें नसतें.

वास्तविक लाल कंधारी हें या भागाचें वैभव आहे. उन्हांत न थकणारा बैल व थोडक्या चाऱ्यावर गुजराण करणारी गाय तिनें दिली. पण तिचें एका वेताचें दूध सरासरी सुमारें ६०० लिटर, देवणीचें सुमारें साडेआठशे. हीं सरासरीचीं मानें आहेत, हें लक्षांत ठेवावें. ज्या जातींत कांहीं गायी सरासरीच्या दीडपट देतात व कांहीं निम्मेंही देत नाहींत, त्या जातींत निवडीला वाव असतो. निवड करावयाची तर कोणती गाय कोणत्या पंगतीतली, हें ठाऊक पाहिजे. येथेंच आमचें घोडें अडतें.

व्यापारी वाचकांस आम्ही एक साधा प्रश्न विचारतों. ज्या दुकानांत माल किती आला, किती गेला, उधारी कोणाकडे राहिली याचें टिपण नाहीं, तें दुकान किती दिवाळ्या पाहील? गोठा हेंही दुकानच आहे. न्यायासनापुढें ऐकीव पुराव्यास किंमत नसते; पण गुरांच्या बाजारांत ‘पांच लिटर देते हो’ एवढ्या ऐकीव साक्षीवर हजारोंचा सौदा होतो. एक गाय तेरा-चौदा महिन्यांनीं विते, दुसरी वीस महिन्यांनीं. दहा वर्षांत एकीचीं आठ-नऊ वेतें होतात, दुसरीचीं सहा. एवढा फरक डोळ्यांदेखत असून मालकाला तो दिसत नाहीं, कारण तो कोठें लिहिलेला नसतो.

वळूची गोष्ट याहून महत्त्वाची. गाय आयुष्यांत पांच-दहा वासरें देईल. परंतु कृत्रिम रेतनानें एका वळूची संतति हजारों गोठ्यांत पोंचते. वळू तर दूध देत नाहीं. त्याची परीक्षा त्याच्या कन्यांच्या दुधावरूनच व्हावयाची. कालवड जन्मावी, वाढावी, गाभण राहावी, व्यावी आणि तिचें एक वेत मोजलें जावें, यास पांच-सहा वर्षें लागतात. एकट्या शेतकऱ्याच्या हातचें हें काम नव्हे, हें संस्थेचें काम आहे. पण त्या कन्या बांधलेल्या असतात शेतकऱ्याच्या दावणीला. गांवानें नोंद दिली नाहीं, तर विद्यापीठानें परीक्षा कशाची घ्यावी?

हा मार्ग नवा नाहीं. १८९५ सालीं डेन्मार्कमधील वेयेन येथें शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन दूधनोंदणीचें मंडळ काढलें. त्यांचा पगारी माणूस गोठ्यागोठ्यांत फिरून दूध व त्यांतील स्निग्धांश मोजून लिहीत असे. याहून बोधप्रद उदाहरण ब्राझीलचें. आपल्याच काठेवाडांतील गीर गायी त्या देशानें नेल्या, १९८५ पासून पद्धतशीर संतति-परीक्षण चालविलें आणि तिलाच उत्तम दुभती केली. गाय आमची, खातेवही त्यांची! स्वदेशीचा अर्थ केवळ जयजयकार असता, तर ही गोष्ट उलटी घडली असती.

तथापि केवळ रक्त सुधारून भागत नाहीं, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. गायीगायींच्या दुधांत जो फरक दिसतो, त्याचा साधारण चौथा हिस्साच रक्ताचा. बाकीचा चारा, पाणी व निगा यांचा. मराठवाड्यांत ज्वारीच्या रानांत सोयाबीन आलें आणि गंजीतला कडबा आटला. धान्याचा भाव पाहणाऱ्यानें कडब्याचा भाव हिशेबांत धरला नाहीं. थोडीशी जमीन रब्बी ज्वारीस व हिरव्या वैरणीस राखणें, कुट्टी करून घालणें, पावसाळ्यांतील मक्याचा मुरघास करून उन्हाळ्यास ठेवणें, या गोष्टी लहान शेतकऱ्याच्याही आटोक्यांतल्या आहेत.

कोणी म्हणतील, दुधाला भाव नसतां वह्या लिहून काय होणार? आक्षेप खरा आहे. २०२३ सालीं गायीच्या दुधास लिटरला ३४ रुपये दर सरकारनें ठरविला. तो टिकला नाहीं आणि जानेवारी २०२४ पासून ५ रुपये अनुदान देण्याची पाळी आली. भावाचा प्रश्न सरकारनें व दूध संघांनीं सोडविलाच पाहिजे. परंतु तें अनुदान मिळण्यास जनावराच्या कानांत १२ अंकी क्रमांकाचा बिल्ला असून त्याची नोंद झालेली असावी लागे, हें विसरूं नये. ज्याची नोंद नव्हती, त्याचा हक्क कागदावरही उभा राहिला नाहीं. नोंद हें दुबळ्याचें शस्त्र आहे; बळवंताचें तिच्यावांचूनही चालतें.

म्हणून आमची सूचना अशी आहे. पिंगळीनें व शेजारच्या दोन-चार गांवांनीं मिळून एक नोंदणीदार नेमावा. त्यानें महिन्यांतून एकदां प्रत्येक दुभत्या जनावराचें सकाळ-संध्याकाळचें दूध मोजावें; व्याल्याची तारीख, वळूचा क्रमांक व आजार बिल्ल्याच्या क्रमांकाखालीं लिहावे. म्हशीही वगळूं नयेत. मराठवाडी म्हैस दुर्लक्षानें मागें पडली आहे. शुद्ध लाल कंधारी व देवणी गायींस त्याच जातीचा पारखलेला वळू द्यावा. संकर करावयाचा तो बेवारशी गावठी गुरांतच करावा, आणि तोही वैरणीची सोय असेल तेथें. विद्यापीठानें व महाविद्यालयानें त्या वह्या तपासाव्या आणि वर्षाअखेर निकाल चावडीवर वाचून दाखवावा.

नोंदणीदाराच्या पगाराचा निम्मा भार परभणीच्या व्यापाऱ्यांनीं उचलावा, असें आम्ही मुद्दाम सुचवितों. हा धर्मादाय नव्हे. सरकीची पेंड तेच विकतात. दुधाचा पैसा आठ-दहा दिवसांनीं हातीं येतो तो त्यांच्याच दुकानांत उतरतो. कापसाचा मात्र वर्षांतून एकदां येतो, तोही आभाळाच्या मर्जीवर. दुष्काळांत ज्या घरीं दुभतें जनावर असतें, त्या घरची उधारी बुडत नाहीं, हें कोणत्याही जुन्या दुकानदारास विचारावें. खातें कसें लिहावें, हें ज्यांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यांनींच गोठ्याचें पहिलें पान उघडून द्यावें. या पाडव्यास नव्या वह्यांची पूजा होईल, तेव्हां त्यांत एक वही गोठ्याची असावी.