जुनी मोटार, नवे पेट्रोल
जुन्या मोटारींच्या गौरवात आपण कमी नाही. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील गाड्यांना ‘व्हिंटेज’ दर्जा दिला. २०२३ साली येथील लक्ष्मीविलास राजवाड्यात त्यांचा सोहळाही झाला. परंतु २०२५ पासून बहुतेक पंपांवर मिळते ते वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल. इथेनॉल पाणी शोषते, टाकी गंजवते, जुन्या रबरी नळ्या खराब करते. आजोबांकडून आलेली १९४८ ची एम्. जी. टी. सी. ही माझी पहिलीच गाडी. तिच्या नळ्या मी बदलल्या, दोन्ही कार्बोरेटर नव्याने जुळवून घेतले. ऊस पिकवणाऱ्याचे हित मला मान्य आहे. पण नवख्या पगारात अशी गाडी राखणाऱ्याला मानाचा कागद पुरत नाही. शहरातल्या एका तरी पंपावर परवडेल असे बिनइथेनॉलचे पेट्रोल हवे. एरवी हा वारसा राजवाड्याच्या हिरवळीपुरताच उरेल.