सर्वांच्या मालकीचे गाणे

लोकगीताचा मालक कोण, हा प्रश्न वरवर पाहता निरर्थक वाटतो. जे पिढ्यान्‌पिढ्या ओठांवरून ओठांवर आले, त्यावर हक्क कोणी सांगावा? परंतु बाजारात पाऊल टाकताच गाण्यालाही मालक लागतो. अमेरिकेचे लोकगायक पीट सीगर (१९१९–२०१४) यांचे स्मरण करावयाचे, ते या प्रश्नाला त्यांनी आपल्या आचरणाने दिलेल्या उत्तरासाठी.

‘वुई शॅल ओव्हरकम’ हे गीत कृष्णवर्णीयांच्या भक्तिगीतांतून आणि तंबाखू कामगारांच्या संपातून वर आले. हिंदी रूपात ते आपल्या शाळाशाळांतूनही गाइले जाते. सीगर यांनी ते अमेरिकाभर पोचविले व त्याच्या स्वामित्वहक्कात त्यांचे नावही लागले. पण त्यातून येणारा पैसा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या चळवळीकडे वळविला. मूळच्या ‘विल’चे ‘शॅल’ कोणी केले, याचे श्रेयही ते ठामपणे घेत नसत. ते कदाचित सेप्टिमा क्लार्क या शिक्षिकेचे असेल, असे सांगत.

ही विनम्रता म्हणजे दुबळेपणा नव्हे. १९५५ साली प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीने त्यांना राजकीय संबंधांविषयी विचारले, तेव्हा त्यांनी उत्तर देण्याचे नाकारले. आपल्या गाण्यांविषयी मात्र बोलण्याची तयारी दाखविली. १९६१ साली त्यांना एक वर्षाच्या कारावासाची शिक्षा झाली. पुढील वर्षी अपिलात ती रद्द ठरली. दूरचित्रवाणीची दारे कित्येक वर्षे बंद राहिली. त्या काळात ते शाळा-महाविद्यालयांतून गात हिंडले. स्टॅलिनच्या क्रौर्याकडे वेळीच न पाहिल्याची चूकही त्यांनी पुढे जाहीरपणे कबूल केली. इतरांना जाब विचारणारे पुष्कळ असतात. स्वतःला जाब विचारणारे थोडे.

जो न्याय गाण्याला, तोच त्यांनी नदीला लावला. कारखान्याचा नफा मालकाच्या खातेवहीत जमा होतो; त्याची घाण मात्र नदीत, म्हणजे सर्वांच्या माथी पडते. हडसन नदीची हीच अवस्था झाली होती. सीगर यांच्या पुढाकाराने १९६९ साली ‘क्लिअरवॉटर’ ही शिडाची लाकडी नौका त्या नदीत उतरली. काठावरच्या गावकऱ्यांना व शाळकरी मुलांना तिने त्यांची नदी जवळून दाखविली. १९७२ च्या जलशुद्धतेच्या कायद्यामागे जे लोकमत उभे राहिले, त्यात या नौकेचाही वाटा होता.

अमर शेख व अण्णाभाऊ साठे यांच्या महाराष्ट्राला गाण्याचे हे सामर्थ्य नव्याने सांगावयास नको. प्रश्न उरतो तो आपल्या वर्तनाचा. जे सर्वांचे, ते कोणाचेच नाही, अशा समजुतीने आपण नद्या नासविल्या आणि शाहिरांना जयंतीपुरते उरविले. सीगर गाताना श्रोत्यांनाही गावयास लावीत. सभागृह गाऊ लागले की त्यांचा स्वतःचा आवाज त्यात मिसळून जाई. सार्वजनिक ठेव राखण्याची रीत हीच आहे: प्रत्येकाने आपला सूर लावावा, आणि मालकी कोणी सांगू नये.