पांढरीचे कागद

गावाला दोन अंगे असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. शिवकालीन व पेशवेकालीन कागदांत हे दोन शब्द जोडीने येतात आणि दोहोंना सारखाच मान असतो. वतनदाराचा काळीवरचा हक्क सांगितला, की पांढरीवरचे त्याचे घर आणि गावातला त्याचा मानपान हेही त्याच दमात सांगितले जाई. इंग्रजी अमदानीत ही जोडी तुटली. गोल्डस्मिड आणि विन्गेट या अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून जमीनमोजणीची जी पद्धत बसवली, तिचा हेतू सारा ठरविण्याचा होता. साऱ्याला पात्र ती काळी. म्हणून तिचा तुकडा न तुकडा मोजला गेला, त्याला नंबर पडला, हद्दीवर दगड बसले. पांढरीवर शेतसारा नव्हता. तेव्हा नकाशात गावठाणाभोवती एक रेघ ओढून आतला भाग कोरा सोडण्यात आला. शहरांना आणि मोठ्या गावांना पुढे नगर भूमापन मिळाले. लहान गावांची ती कोरी जागा मात्र दीडशे वर्षे कोरीच राहिली.

या एका गोष्टीचा परिणाम फार दूरवर पोहोचला आहे. आपल्याकडे शेताचा इतिहास चिकाटी असेल तर शोधता येतो, घराचा येत नाही.

शेताचे पाहा. आजचा सातबारा हाती घ्यावा, त्यावरचे फेरफारांचे क्रमांक उतरवून घ्यावेत आणि एकेक फेरफार काढत मागे चालू लागावे. १९४७ च्या कायद्याखाली जेथे एकत्रीकरण होऊन गट पडले, तेथे पाय अडखळतो, कारण नवा गट आणि जुना सर्व्हे नंबर यांची सांगड आधी घालावी लागते. ती घातली, की वाट पुन्हा मोकळी होते. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी जमीन कोणत्या कुळाची झाली, कुलकर्णी वतन कधी सुटले, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली तेव्हा महार वतनाच्या कोणत्या जमिनी कोणाकडे राहिल्या, हे सारे नोंदींतून बोलू लागते. त्यामागे कडईपत्रके, त्यामागे १९०३ च्या कायद्याने सुरू झालेली हक्कनोंदणी. जमीन दुमाला असेल, तर १८५२ च्या इनाम कमिशनने केलेल्या चौकशीचे कागद. आणि त्याही पलीकडे पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल.

मोजणीपूर्वी शेताला नंबर नव्हता, नाव होते. गावची काळी थळांत विभागलेली असे आणि बहुधा ते थळ ज्या मूळ मिरासी घराण्याचे, त्याचेच नाव त्याला असे. घराणे निर्वंश झाले किंवा दुष्काळात परागंदा झाले, तरी नाव पुसले जात नसे. त्या जमिनीला 'गतकुळी' म्हणत. डॉ. थॉमस कोट्स या इंग्रज वैद्याने पुण्याजवळच्या लोणी गावाचे बारकाईने केलेले वर्णन १८२३ मध्ये प्रसिद्ध झाले; त्यात तेथील थळांची हकीकत आहे. पुढे डॉ. गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास करून १९६० मध्ये ग्रंथ लिहिला. एका लहानशा खेड्याला सव्वाशे वर्षांच्या अंतराने दोन चरित्रकार लाभावेत, हे भाग्य किती गावांच्या वाट्याला येते?

आता घराकडे वळू. गावठाणातील घराचा सरकारी कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ. तो कर आकारणीचा उतारा आहे. घर कोणाकडून वसूल करायचे एवढेच तो सांगतो. मालकी तो सिद्ध करीत नाही आणि ग्रामपंचायतीच्या स्थापनेच्या मागे तो जातही नाही. त्यापूर्वीचे जे काही असेल, ते घरातच असेल: वाटणीपत्र, खरेदीखत, गहाणखत, एखादा जागेच्या तंट्यातला महजर. सरकारने पांढरी मोजली नाही, म्हणून पांढरीचे दप्तर ज्याच्या त्याच्या माळ्यावर राहिले. आणि माळ्यावरच्या वस्तूंचे आपल्याकडे काय होते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

माझे मूळ गाव कृष्णाकाठी, वाईच्या खालच्या अंगाला. काही वर्षांपूर्वी तेथे 'स्वामित्व' योजनेची मोजणी झाली. केंद्र शासनाने २४ एप्रिल २०२० रोजी ही योजना जाहीर केली. महाराष्ट्रात त्याआधीच पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे तसा प्रयोग झाला होता. ड्रोन फिरविण्यापूर्वी घरांच्या हद्दी चुन्याने आखायच्या असतात. चुन्याची फक्की घेऊन माणसे आमच्या दारी आली, तेव्हा प्रश्न निघाला की उत्तरेची ओसरी धरायची की नाही. शेजाऱ्याचे म्हणणे, ती बोळात आहे. आमच्या चुलतभावांचे म्हणणे, आजोबांच्या आजोबांपासून ती आमची आहे. मग कागद शोधण्याची धावपळ सुरू झाली.

कागद नव्हते. काकूंनी शांतपणे सांगितले, ते कृष्णेला दिले. आजोबा गेले त्या वर्षी घर आवरताना दोन मोठी बासने निघाली होती. मोडी कोणालाच वाचता येत नव्हते, वाळवीही लागली होती. लिहिलेला कागद जाळू नये, पायदळी येऊ देऊ नये, ही घरची शिकवण. तेव्हा जुन्या पोथ्यांबरोबर ती बासनेही हळदकुंकू वाहून घाटावरून सोडण्यात आली. यात हलगर्जी कोणाची म्हणावी? अक्षराविषयीच्या आदरानेच आमच्या घराचा इतिहास बुडवला. पुराने नेले असते, तर निदान पुराला बोल लावता आला असता. १९६१ साली पानशेतच्या पाण्याने पुण्यातली किती दप्तरे गेली, २००५ आणि २०१९ मध्ये सांगलीकडे किती घरांच्या भिंतींबरोबर किती ट्रंका वाहून गेल्या, त्याची मोजदाद कोणी केलेली नाही. परंतु माझा अंदाज असा आहे, की नदीने ओढून नेलेल्या कागदांपेक्षा आपण हाताने तिच्या स्वाधीन केलेले कागद अधिक भरतील.

एक कागद मात्र वाचला. गणपतीच्या एका जुन्या तसबिरीची काच फुटली, तेव्हा चित्रामागे टेकण म्हणून घातलेली जाड घडी बाहेर आली. पुण्यात एका वृद्ध शिक्षकांनी ती वाचून दिली. शके १७६२ चे, म्हणजे इ. स. १८४० चे वाटणीपत्र. साताऱ्याचे राज्य तेव्हा अजून खालसा व्हायचे होते. घर सात खणांचे, पुढे पडवी, मागे परडे व एक पेव. मग चतुःसीमा. पूर्वेस कुंभाराची भिंत, दक्षिणेस बोळ, पश्चिमेस नदीची दरड, उत्तरेस गतकुळी पांढरी.

या शेवटच्या तीन शब्दांनी आमची गंमतच केली. ज्या ओसरीसाठी भाऊ हिरिरीने भांडत होते, ती ना आमची निघाली ना शेजाऱ्याची. कोणा निर्वंश वा परागंदा झालेल्या घराण्याच्या मोकळ्या जागेवर आमच्या पूर्वजांनी केव्हा तरी हळूच खांब रोवले होते. आणि तो कुंभार? आज गावात कुंभाराचे घर नाही. पूर्वेची भिंत आता आमच्याच गोठ्याची आहे. ती आमच्याकडे विकत आली, की कुंभार गाव सोडून गेल्यावर नुसतीच आली, हे सांगणारा कागद कृष्णेत गेलेल्या बासनांत असेलही.

म्हणून मला वाटते, की घराजमिनीच्या इतिहासाचा शोध घेताना कुळाचा गौरव वाढेल अशी अपेक्षा बाळगणे बरे नव्हे. वाड्यांच्या कथा आपण आवडीने सांगतो; पण पांढरी एकट्या वाड्याची नसते. कुंभार, सुतार, लोहार, चांभार, मांग, महार, गुरव, परीट या सर्वांची घरे ठरल्या जागी होती. बलुत्याचा हक्क काळीवर होता आणि राहण्याची जागा पांढरीत होती. काहींना ती जागा गावकुसाबाहेर मिळाली, हेही त्याच पांढरीच्या नकाशात लिहिलेले आहे. गाव हा एक समाज होता असे अभिमानाने म्हणायचे असेल, तर त्या समाजात कोणाचे घर कोठे होते आणि ते तेथून का नाहीसे झाले, याचे उत्तर देण्याची तयारी हवी. जुना कागद हे उत्तर देतो. तो मिंधा नसतो.

वाईजवळ कृष्णेच्याच काठी मेणवली आहे. ते गाव १७६८ च्या सुमारास नाना फडणविसांकडे इनाम आले. नानांनी तेथे वाडा बांधला, घाट बांधला, मंदिरे उभारली. घाटावर वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा टांगली आहे. 'स्वदेस' या हिंदी चित्रपटाचे चित्रीकरण तेथे झाल्यापासून (तो २००४ चा) पर्यटकांची रीघ असते. मेणवलीचे खरे धन मात्र त्या वाड्यात होते ते नानांचे दप्तर. इतिहासप्रेमी द. ब. पारसनीस यांच्या संग्रहामुळे ते टिकले आणि हा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. खुद्द वाईतही असाच योग घडला होता. तेथे मिळालेल्या पत्रांवरून इतिहासाचार्य राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला आणि पानिपताकडे पाहण्याची आपली दृष्टीच बदलली. एका घरातल्या कागदांनी एवढे केले. राजवाडे गावोगाव हिंडत, लोकांच्या माळ्यांवर चढत, वाण्याच्या पुड्यांतून कागद सोडवीत. पण त्यांचे लक्ष स्वाभाविकच राज्याच्या इतिहासाकडे होते. सात खणांच्या घराचे वाटणीपत्र त्यांच्याही हातून कदाचित बाजूला पडले असते.

विरोधाभास असा, की अतिप्राचीन घरांविषयी आपल्याला अधिक माहिती आहे. घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीची आणि त्याहून जुनी शंभरावर घरे उजेडात आली. गावच्या मुख्याचे पाच खोल्यांचे घर कोणते, धान्य कोठे साठवीत, चुली कोठे होत्या, हे अभ्यासकांनी सांगितले. तेथून जवळच्याच एखाद्या गावातले १८५० चे घर पाडून त्यावर सिमेंटचा मजला चढतो, तेव्हा ते कोणी बांधले, तुळया कोठून आणल्या, हे मात्र कोणी विचारीत नाही. पाडणारा तुळया मोडीत विकतो, भिंतीची पांढरी माती शेतात टाकतो आणि काम संपते.

यापुढे हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. स्वामित्व योजनेचे मी स्वागतच करतो. घराच्या तारणावर कर्ज मिळेल, हद्दीचे तंटे मिटतील, पंचायतीला आपली मालमत्ता कळेल. परंतु मिळकत पत्रिका आज कोण राहतो आणि जागा किती एवढेच सांगणार. तिच्या दृष्टीने घराचा जन्म मोजणीच्या दिवशी होतो. एकदा ती हाती आली, की माळ्यावरच्या बासनाचा व्यवहारातला उरलासुरला उपयोगही संपेल आणि ज्या कागदांना आजवर निदान 'असू दे, कोर्टात लागेल' एवढे तरी अभय होते, ते निराधार होतील. म्हणजे दीडशे वर्षांनी पांढरीला न्याय मिळण्याच्या मुहूर्तावरच तिचे दप्तर नष्ट होण्याचा धोका आहे.

वाचणाऱ्यांचे काय? २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि शासनाला एकाएकी मोडी वाचकांची आठवण झाली. कोणी कोणत्या बाजूचे असो, त्या महिन्यांत महाराष्ट्राला एक गोष्ट कळली: आपल्याच आजोबांचे हस्ताक्षर वाचायला आपल्याला दुभाष्या लागतो. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग भरवते, काही संस्थाही भरवतात. प्रत्येक तालुक्यात असे दहा जण तयार झाले, तरी पुष्कळ होईल. आणि वाचणारा आज नसला, म्हणून कागद टाकायचे कारण नाही. हाती भ्रमणध्वनी आहे, त्याने प्रत्येक पानाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, गावाचे व घराचे नाव घालून ती ग्रामपंचायतीत किंवा शाळेत ठेवावीत. मूळ कागद घरात राहू द्यावा. तो मागितला, की लोक संशय घेतात, आणि तो संशय अगदीच अनाठायी नसतो. म्हाताऱ्या माणसांकडून पडलेल्या घरांची आणि शेतांची जुनी नावे उतरवून घ्यावीत. या कामाला अनुदान लागत नाही. गावाकडे गणपतीला आणि जत्रेला जाणाऱ्या पुण्यामुंबईच्या मंडळींनी त्यातले दोन दिवस दिले, तरी पुरे.

आमच्या ओसरीचे अजून ठरलेले नाही. १८४० चा कागद, त्याचे बाळबोध लिप्यंतर आणि माझा अर्ज असे तिन्ही मी चौकशीच्या वेळी दाखल केले. चुलतभावांना ते रुचलेले नाही. हा कागद बाहेर काढायची गरज काय होती, असे त्यांनी मला स्पष्ट विचारले. काकू त्या वेळी काही बोलल्या नाहीत. निघताना मात्र त्यांनी देव्हाऱ्यावरच्या आणखी दोन तसबिरी उतरवून माझ्या हाती दिल्या आणि म्हणाल्या, "यांच्याही मागे बघ."