रुग्णाची गुप्तता आणि संगणकाचा मार्ग

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात आचार्य शिष्यास जो उपदेश करतात, त्यात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत, अशी स्पष्ट आज्ञा आहे. मात्र रुग्णपत्रिका संगणकावर लिहिली जाऊ लागल्यापासून ही आज्ञा केवळ वैद्याच्या वाणीपुरती राहिलेली नाही, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

शाखेतून मुख्य चिकित्सालयाकडे किंवा संशोधनासाठी महाविद्यालयाकडे नोंदींच्या फाइली पाठविताना ‘एफटीपी’ ही जुनी पद्धत वापरली जात असेल, तर ती चिंतेची बाब आहे. आयआयटी कानपूरचे स्नातक अभय भूषण यांनी 1971 मध्ये अमेरिकेतील एमआयटीत असताना या पद्धतीचा पहिला आराखडा मांडला, याचा आपणांस अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या काळी संगणकांचे जाळे मोजक्या, परस्परांवर विश्वास असलेल्या संस्थांपुरते होते. त्यामुळे मूळ एफटीपीत परवलीचा शब्द आणि फाइलमधील मजकूर उघड्या पोस्टकार्डाप्रमाणे प्रवास करतो. वाटेत टपून बसलेल्यास तो सहज वाचता येतो.

1995 मध्ये हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर परवलीचे शब्द चोरले गेले, तेव्हा तेथील तातू युलोनेन यांनी ‘एसएसएच’ ही सांकेतिक संरक्षणाची पद्धत निर्माण केली. तिच्यावर आधारलेल्या ‘एसएफटीपी’त परवलीचा शब्द आणि मजकूर दोन्ही कूटबद्ध होऊन जातात. त्यासाठीचे ‘ओपनएसएसएच’ 1999 पासून विनामूल्य उपलब्ध आहे. म्हणजे खर्चाची सबबही उरत नाही.

‘आमच्या लहानशा चिकित्सालयातील नोंदी कोण चोरणार?’ असा प्रश्न काही बंधू विचारतील. आमच्या मते तो प्रश्न रुग्णाच्या बाजूने विचारला पाहिजे. वंध्यत्व, मानसरोग किंवा त्वग्रोग यांची नोंद गावात फुटली, तर तिचे परिणाम त्या कुटुंबास भोगावे लागतात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही योग्य सुरक्षा न राखल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. पहिल्या जोडणीच्या वेळी संगणक समोरच्या यंत्राची ओळखखूण दाखवून संमती विचारतो. तेथे न वाचता ‘होय’ म्हणू नये. ती खूण दूरध्वनीवरून पडताळून घ्यावी, अन्यथा तोतया यंत्राच्या हाती फाइल जाऊ शकते. दुसरे असे की, हे संरक्षण केवळ मार्गावरचे आहे. पोहोचलेली फाइल कुणासही उघडता येत असेल, तर सुरक्षित मार्गाचा लाभ तेथेच संपतो.

आपल्या चिकित्सालयातील नोंदी कोणत्या पद्धतीने पाठविल्या जातात, हा एकच प्रश्न प्रत्येक सभासदाने आपल्या संगणक तंत्रज्ञास विचारावा. उत्तर ‘एफटीपी’ असे आल्यास ती पद्धत त्वरित बदलून घ्यावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.