गणित सोडायचं की ठेवायचं?

परवा आमच्या घरात गणितावरून भांडण झालं. भांडण म्हणजे अगदी आरडाओरडा नाही. पण लेक न जेवता उठली, जावई अंगणात जाऊन उगाच फोनवर बोलत राहिले आणि नात दार लावून खोलीत बसली. ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. दरवेळी ते हेच करतात.

झालं होतं असं. नात (लेकीची लेक) यंदा दहावी झाली आणि अकरावी-बारावीला आमच्याकडे विष्णुपुरीला राहणार असं ठरलं. नातेवाईकांना सगळं माहीतच आहे, पण नव्या वाचकांसाठी सांगते. हे पाटबंधारे खात्यात होते. विष्णुपुरी प्रकल्पाच्या कामासाठी इकडे आलो आणि मग इथलेच झालो. शंकरराव चव्हाणांच्या नावाचं सरकारी मेडिकल कॉलेज आमच्या विष्णुपुरीतच, गुरू गोविंदसिंगजींच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज इथंच, विद्यापीठही इथंच. लेक म्हणते, "आई, देवानंच मेडिकल कॉलेज तुझ्या दारात आणून ठेवलंय, आता हिनं फक्त आत जायचं."

अकरावीच्या विषयांचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा ओळखीच्या एका क्लासवाल्यांनी सल्ला दिला की डॉक्टरच व्हायचं असेल तर गणित कशाला? त्याच्या जागी एखादा हलका विषय घ्या, तो वेळ जीवशास्त्राला द्या. सगळे तसंच करतात म्हणे. लेक-जावयांना पटलं. नात मात्र म्हणाली, "मला गणित ठेवायचंय."

का? तर, "मला एअर फोर्समध्ये जायचंय. फायटर पायलट."

जावई हसले. तिथं चुकलं. ती रागावून उठली ते त्या हसण्याला. 'नाही' म्हटलं असतं तर बसून वाद घातला असता तिनं.

तसं हे खूळ आजचं नाही. चार वर्षांपूर्वी सुट्टीत ती बीदरला माझ्या नणंदेकडे गेली होती. उदगीर ओलांडलं की बीदर काही लांब नाही, तिकडे अर्ध्या घरांतून मराठीच ऐकू येते. हवाई दलाच्या लढाऊ वैमानिकांना हॉक विमानांवर तयार करतात ते तिथे, आणि कसरती करणारी ती सूर्यकिरण तुकडीही तिथलीच. लेकरू आठ दिवस गच्चीवरून खाली उतरायला तयार नव्हतं. नाक भाजून परत आली होती. आम्हाला वाटलं, मुलांचं काय, आज विमान, उद्या दुसरं काही.

भांडणानंतर मी एक काम केलं. मी मराठी माध्यमाची बी.ए., आयुष्यभर मराठी नि इतिहास शिकवला. गणिताशी माझं कधी पटलं नाही आणि विमानातलं मला ओ की ठो कळत नाही. पण जाहिरात वाचायला काय लागतं? नातीला म्हटलं, तू वाच, मी लिहून घेते. पंधरा दिवस रोज संध्याकाळी ती मोबाईलवरून यूपीएससीच्या आणि हवाई दलाच्या जाहिराती इंग्रजीतून मोठ्याने वाचायची आणि मी शंभर पानी वहीत मराठीत उतरवायची. त्या वहीतलंच आज लिहिते आहे, कारण मला वाटतं हे सगळं दहावीच्या मुलांच्या घरात माहीत असायला हवं आणि ते नसतं.

पहिला रस्ता एनडीएचा. परीक्षा वर्षातून दोनदा, बारावीत शिकत असतानाही देता येते. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यातलं गणित ३०० गुणांचं. आणि हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही विषय असलेच पाहिजेत. पुढे खडकवासल्याला तीन वर्षं, मग हैदराबादजवळ दुंडिगलच्या अकादमीत उड्डाण. खर्च सगळा सरकारचा. हे ऐकून ह्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

दुसरा रस्ता पदवीनंतरचा. एएफकॅट नावाची परीक्षा, उड्डाणासाठी वय २० ते २४. पदवी कोणतीही चालते, पण तिथेही अट आहेच, बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र. इंजिनिअरिंगची पदवी असेल तर प्रश्नच नाही. म्हणजे एनडीए हुकली तरी ही मुलगी आमच्याच विष्णुपुरीत बी.टेक. करून पुन्हा उभी राहू शकते. मुलांसाठी सीडीएस आहे, एनसीसीच्या एअर विंगचं 'सी' प्रमाणपत्र असणाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे.

कुठूनही आत गेलात तरी उंबरठ्यावर गणित बसलेलं आहे. आणि आपण सोळाव्या वर्षी, एका फॉर्मवर, एका क्लासवाल्याच्या सांगण्यावरून ते खोडून टाकतो. खोडताना कुणी सांगतसुद्धा नाही की बाई, या खुणेबरोबर आणखी काय काय खोडलं गेलं.

हे मी वरच्या आवाजात लिहिते आहे खरी, पण हे पाप मीही केलेलं आहे. १९९४ ची गोष्ट असावी. वर्गात एक मुलगा होता, निबंध सुंदर लिहायचा, गणितात जेमतेम. दहावीनंतर विचारायला आला तेव्हा मी शहाणपणानं सांगितलं, गणित सोड, जीवशास्त्र घे, मार्क चांगले पडतील. मार्क पडले. दोन-तीन वर्षांनी एसटी स्टँडवर भेटला. म्हणाला, "बाई, हवाई दलाचा फॉर्म भरायला गेलो होतो, पण माझ्याकडे गणित नाही." तक्रार नव्हती त्याच्या बोलण्यात, नुसतं सांगत होता. तेवढ्यात गाडी लागली, तो गेला. तो वैमानिक झाला असता असा माझा मुळीच दावा नाही. बहुतेक नसताच झाला. पण त्याला 'नाही' म्हणायचा अधिकार ज्यांचा होता, त्यांच्यापर्यंत तो पोचलाच नाही. मीच अलीकडे अडवलं त्याला, आणि तेही नियम माहीत नसताना.

आता आपल्या जिल्ह्याची गंमत बघा. २०२१ च्या सप्टेंबरात विवेक राम चौधरी हवाई दलप्रमुख झाले. मूळ गाव हदगाव तालुक्यातलं हस्तरा. केवढा आनंद झाला होता आपल्याकडे! १९८२ च्या डिसेंबरात ते लढाऊ वैमानिक म्हणून रुजू झालेले, मिग-२१ पासून सुखोईपर्यंत सगळं चालवलेलं, ३८०० तासांहून जास्त उड्डाण. एनडीएचेच विद्यार्थी. २०२४ च्या सप्टेंबरात ते निवृत्त झाले. त्या वेळी माझ्या मोबाईलवर त्यांचा फोटो निदान वीस जणांनी पाठवला असेल. 'नांदेडचा सुपुत्र' वगैरे. त्या विसांतल्या किती घरांत अकरावीच्या मुलानं गणित ठेवलंय, हे मला विचारावंसं वाटतं. विचारत नाही, कारण त्यातले अर्धे हे वाचत असतात.

लातूर पॅटर्नला नावं ठेवायचा माझा विचार नाही. ज्या मराठवाड्यात पूर्वी तालुक्याच्या गावी डॉक्टर मिळत नसे, तिथे घराघरांत पांढरे कोट आले ते या मेहनतीमुळेच. पण या मेहनतीनं आपल्याला एक सवय लावली आहे: पाठ करून, सराव करून, पेपर सोडवून सगळं मिळतं अशी. एनडीएची लेखी परीक्षा एक वेळ तशी निघेलही. पुढच्या पाच दिवसांच्या मुलाखतीचं काय? तिथे पडद्यावर एक शब्द दाखवतात आणि पंधरा सेकंदांत वाक्य लिहायचं, असे साठ शब्द. चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतात, शेवटचं चित्र तर कोरंच असतं. चार अनोळखी मुलांबरोबर फळ्या-दोऱ्या घेऊन अडथळा पार करायचा असतो. पेपरात पहिली येणारी, पण कधी एकटीनं बँकेत न गेलेली मुलगी तिथे काय करील? नातीला मी परवा एकटीला नांदेडला पाठवलं, माझ्या पेन्शनचं काम करायला. दोन तास उशिरा आली आणि काम करून आली.

वैमानिकासाठी त्यावर आणखी एक चाचणी असते, संगणकावरची. हातानं दांडा, पायानं पेडल, डोळ्यांनी घड्याळं, सगळं एकदम. (मला एकदम माझं शिवणयंत्र आठवलं. हसू नका, हात-पाय-डोळा तिथंही एकदमच लागतो.) ही चाचणी जन्मात एकदाच. नापास झालात तर वैमानिक म्हणून पुन्हा देता येत नाही. हे वाचलं तेव्हा नात जरा गप्प झाली.

शिवाय शरीर. उंची किमान १६२.५ सेंटिमीटर, मुलींनाही तेवढीच. पायांची लांबी, बसल्यावरची उंची, सगळं मापात, कारण कॉकपिट काही आपल्यासाठी मोठं करून देत नाहीत. एका डोळ्याला ६/६, दुसऱ्याला ६/९, आणि लांबचं पाहायला चष्मा चालत नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर व्हिडिओ लेक्चर बघणाऱ्या मुलांना हे कुणी सांगितलंय का? आम्ही दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं खूण केली. १६१ भरली. दीड सेंटिमीटर कमी. अजून वाढायचं वय आहे म्हणते ती. असेलही.

खरं सांगायचं तर आशा फार नाही, आणि तेही मी तिच्यापासून लपवलं नाही. एनडीएचे दरवाजे मुलींना उघडले तेच २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. पहिल्या तुकडीतल्या सतरा मुली २०२५ च्या मे महिन्यात बाहेर पडल्या. अलीकडच्या जाहिरातींत हवाई दलाच्या उड्डाण शाखेच्या ९२ जागा दिसतात आणि त्यांतल्या मुलींना दोन. संपूर्ण देशातून दोन! मी तो आकडा वहीत दोनदा तपासून लिहिला. म्हणून मला वाटतं, तिनं एनडीए जरूर द्यावी, पण मन पदवीनंतरच्या वाटेवर ठेवावं. हवाई दलात मुली १९९४ पासून हेलिकॉप्टरं आणि वाहतुकीची विमानं चालवताहेत, आणि २०१६ मध्ये तिघी जणी लढाऊ विमानांवरही गेल्या, त्या काही एनडीएतून नव्हे.

एक दार तर आमच्या डोळ्यांदेखत बंद झालं. मुलांसाठी सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) १९७७ पासून आहे. अकरावी-बारावीची दोन वर्षं तिथे राहून एनडीएची तयारी होते. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली. पण तिची प्रवेश परीक्षा दहावीत असतानाच द्यायची असते. आम्हाला कळलं तेव्हा हिची दहावी होऊन गेली होती. शाळेनं सांगितलं नाही, क्लासनं नाही, आणि मी, चौतीस वर्षं शिक्षिका, मलाही माहीत नव्हतं.

लेकीचा विरोध मात्र गणिताला नाही, हे मला चौथ्या दिवशी कळलं. रात्री भांडी आवरताना म्हणाली, "आई, तू पाहिलंस ना ते दुबईचं?" २०२५ च्या नोव्हेंबरात दुबईला हवाई कसरतींत आपलं तेजस कोसळलं, वैमानिक गेला. तिनं तो व्हिडिओ पाहिला होता. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोटारसायकलवर रोज माणसं मरतात असले युक्तिवाद आईपुढे करू नयेत. मी एवढंच म्हटलं, "भीती तुझी आहे ना? मग ती तिला भीती म्हणून सांग. गणिताचं नाव पुढे करू नकोस. ती ऐकेल किंवा नाही ऐकणार, पण तिला कळेल तरी की आई कशाला नाही म्हणते आहे."

दोघी बराच वेळ बोलल्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

शेवटी फॉर्मवर चार विषय गेले: भौतिक, रसायन, जीव आणि गणित. डॉक्टरकीचं दारही उघडं राहिलं, म्हणून लेकीचं समाधान. ओझं वाढलं हे खरं. क्लासवाले म्हणाले, झेपणार नाही. जावई या वेळी हसले नाहीत, म्हणाले, "मामी, नाही झेपलं तर तुम्ही बघा हं." मी बघेन. गणित सोडून बाकीचं सगळं बघेन.

मंगळवारी तिचे डोळे तपासायला नेते आहे. त्यात चष्मा निघाला तर ही सगळी वही एका दिवसात रद्दीत जाईल. पण ते डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगावं.

आणि मंडळी, तुमच्यापैकी कुणाच्या नात्यात नाशिकच्या मुलींच्या संस्थेत कुणी शिकलं असेल, किंवा एएफकॅट देऊन कुणी मुलगी गेली असेल, तर कळवा. नातीला बोलायचं आहे. फोन संध्याकाळी सातनंतर करा, त्याआधी ती पळायला गेलेली असते.