ठळक अक्षराला जाडीपेक्षा वळण हवे

जुन्नर-आंबेगावात दुकानाची पाटी असो वा यात्रेचा फ्लेक्स, अक्षर जाडच हवे असा आग्रह असतो. तो चूक नाही. चुकते ते जाड करण्याची पद्धत. जवळच्याच नाणेघाटातल्या, सातवाहन राणी नागनिकेच्या ब्राह्मी लेखात रेषा जवळपास एकसारख्या आहेत. पुढच्या शतकांत अक्षरांचे माथे जाड होत गेले आणि त्यातूनच शिरोरेषा आली. तिरप्या कापाच्या बोरूने दंड भरदार आणि जोड नाजूक केले. १९व्या शतकात जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने ते वळण छपाईच्या खिळ्यांत उतरवले. संगणकावर बटण दाबून अक्षर नुसते फुगवले, की हा जाड-बारीक भेद जातो, ‘क्ष’, ‘ध’, ‘भ’ यांच्या पोकळ्या बुजतात.

धावत्या गाडीतून एकसारख्या रेषेचे अक्षर लवकर वाचता येते, हा आक्षेप रास्त आहे. घोडेगाव-भीमाशंकर रस्त्यावरच्या दिशाफलकाला तेच शोभते. बारीक मजकुरालाही ठळक अक्षर नकोच. पण लेण्याद्रीच्या पायथ्याचा माहितीफलक, शाळेचे नाव, पुस्तकाचे मुखपृष्ठ, जिथे वाचणारा थांबतो, तिथे बोरूच्या वळणाचे ठळक अक्षरच हवे. पाटी करून घेताना ‘क्ष’ची पोकळी उघडी आहे ना, एवढे जरूर पाहा.